ज्याचा फोल्डर त्यालाच

"शर्ट काढा आणि त्या पाटीला छाती टेकवून उभे राहा," रजिस्टरमधून मान वर न करता मी म्हटलं.

"काढतो… पण सर्व्हर बसवायला शर्ट काढावा लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

मी दचकून वर पाहिलं. हातात मोठं खोकं, केसांवर पावसाचे थेंब, आणि डोळ्यांत दाबून धरलेलं हसू! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एक्स-रे केंद्र मामाचं. डॉक्टरांना मेलने रिपोर्ट पाठवायचं काम माझं. मागच्या आठवड्यात एका बाईंचा रिपोर्ट भलत्याच दवाखान्यात गेला. तिथे त्यांची शेजारीण कामाला होती. बाईंनी घरच्यांना सांगण्याआधीच त्यांच्या आजाराचा गल्लीभर बोभाटा झाला. त्या आल्या, नुसत्या खुर्चीत बसून राहिल्या. तेव्हापासून प्रत्येक मेल पाठवण्याआधी मी पत्ता तीनतीनदा वाचत होते.

म्हणून हा सर्व्हर. आणि हा माणूस, सोमवारपासून माझ्या शेजारच्या टेबलावर.

मंगळवारी दुपारी त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "प्रत्येक डॉक्टरचं खातं वेगळं. आत आलेल्याला फक्त स्वतःचा फोल्डर दिसतो. दुसऱ्याच्यात घुसून दाखवा."

मी घुसायला गेले. परवानगी नाही. पुन्हा गेले. नाही! सातव्यांदा अक्षरं धूसर झाली… त्याने रुमाल पुढे केला.

"ती चूक माझी होती," मी म्हटलं.

"माहीत आहे. जुन्या मेल मीच तपासल्या ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला सांगावंसं वाटेल, तेव्हा सांगाल… म्हणून." मग हळूच म्हणाला, "त्यांना भेटलात?"

"धीर होत नाही."

"मी येऊ बरोबर?"

बुधवारी तो बाईंच्या फाटकापाशी छत्री धरून उभा राहिला. मी आत गेले, माफी मागितली. "पुन्हा कुणाचं असं होऊ देऊ नकोस," एवढंच बाई म्हणाल्या. परतताना मी रस्ताभर रडले, आणि तो निम्मा भिजत माझ्या बाजूने चालला.

शुक्रवारी मामा दारात उभा राहिला. "अहो, दोन दिवसांचं काम म्हणाला होतात. आज पाचवा दिवस! अडलंय कुठे?"

तो खुर्चीतून उठला. त्याचे कान लाल झाले होते. "काम मंगळवारीच संपलं. रोज तपासणी म्हणत येतोय, ते… यांच्यासाठी."

मामाने चष्म्यावरून आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. खाकरला, आणि काहीतरी विसरल्यासारखं करून आत निघून गेला.

"रागावलात?" त्याने विचारलं.

"हो. मंगळवारीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात, तर बुधवार हातचा गेला असता."

मला हसू आवरेना. "उद्या या. पण आता तपासणीचं नाव काढायचं नाही."

"मग मामांनी विचारलं तर काय सांगू?"

"माझं नाव सांगा," मी म्हटलं.