रिव्हर्सचे दात

आमची गाडी एका मंगळवारी सकाळी अंगणातच अडली. पहिला गिअर टाकला आणि खालून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज आला. सत्तेचाळीस वर्षं मी ती चालवते आहे. तिचं कुरकुरणं मला कळतं. हे कुरकुरणं नव्हतं.

मिस्त्री ती ओढून गॅरेजमध्ये घेऊन गेले. दोन दिवसांनी त्यांनी मला आणि माझ्या लेकीला बोलावलं. गिअरबॉक्स उघडून टेबलावर वर्तमानपत्रावर मांडला होता. जुन्या ऑइलचा करपट वास येत होता, आणि ट्रेमधल्या तेलात लोखंडाचा चुरा चमकत होता.

"काकू, गाडी कोणाला चालवायला देता?"

"कोणालाही नाही."

"मग तुम्ही स्वतः उलटी किती चालवता?"

मला हसूच आलं. वडिलांच्या या घराला दोन फाटकं आहेत. एकातून बाहेर पडायचं, दुसऱ्यातून आत यायचं. रिव्हर्स मला वर्षातून दोनदा लागला तर लागतो.

मिस्त्रींनी एक चाक माझ्या तळहातावर ठेवलं. रिव्हर्सचं. दात जवळजवळ उरलेच नव्हते. वापरून संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले होते. "याचाच तुकडा पडून पहिल्यात अडकला. बाकीची चाकं बघा, अजून दहा वर्षं मरत नाहीत. हे एकटंच असं झिजायला गाडी रोज दहा-बारा किलोमीटर मागे जायला हवी. वर्षानुवर्षं."

"मग मीटरवर दिसलं असतं की!" लेक म्हणाली.

"या जुन्या मीटरचा आकडा मागे जाताना उलटा फिरतो, ताई. जेवढं मागे गेलात तेवढंच सरळ पुढे आलात, की आकडा होता तिथेच."

मला मागची काच आठवली. रोज सकाळी मी ती फडक्याने पुसते, कारण तिच्यावर चिलटं आणि किडे चिकटलेले असतात. पुढची काच मात्र स्वच्छ. इतक्या वर्षांत मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. पुसायची सवय झाली की माणूस विचार करत नाही.

मिस्त्रींनी मागच्या बंपरखाली बोट फिरवून दाखवलं. बोट पांढरंफेक झालं. "ही खाणीच्या वळणावरची धूळ. दुसरीकडे कुठे असली नाही."

त्या रस्त्याला मी सत्तेचाळीस वर्षांत गेलेले नाही.

गाडी घरात नवी होती तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने मला ती शिकवली. शिकवली म्हणजे छळलं. क्लच दाब, आरशात बघ, काय रेड्यासारखी वळवतेस! खाणीच्या वळणावर मी गाडी थांबवली आणि म्हटलं, "एवढं असेल तर उतर." ती उतरली. खिडकीतून वाकून म्हणाली, "येशील झक मारत मागे."

मी गेले नाही. दहा मिनिटांत मागे वळावंसं वाटलं होतं, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. पण वळले असते तर ती जिंकली असती. चालत दोन-अडीच तासांत घरी येईल, असं वाटलं. ती आली नाही. खाणीतलं पाणी तीनदा शोधलं. काही मिळालं नाही.

मी गेले नव्हते. गाडी मात्र जात होती.

"आई, दुसरा गिअरबॉक्स बसवून टाकू," लेक म्हणाली. "नाहीतर गाडीच विक. या वयात हट्ट कशाला?"

"वय माझं आहे, हट्टही माझाच." मी मिस्त्रींकडे वळले. "दुसरा बसवला तर त्याचा रिव्हर्स चांगला असेल?"

"एकदम कोरा."

"मग नको. हाच जोडा. रिव्हर्स न घालता."

"काकू, कुठे अडकलात तर?"

"उतरून ढकलीन."

मिस्त्री हात पुसत हसले. "लोक माझ्याकडे मोडलेलं जोडायला येतात. मोडलेलं काढून टाका म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

गाडी घरी आली. आठ दिवस मागची काच लख्ख होती. नवव्या दिवशीही होती. मी जिंकले असं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

त्या संध्याकाळी लेक कामावरून परस्पर माझ्याकडे आली. "आई, पुलापाशी एक मुलगी उलटी चालत होती. पाठ आपल्या गावाकडे, आणि पावलं मागे मागे."

"कशी होती?"

"पिवळी साडी. गुडघ्यापर्यंत वेणी. बावीस-तेवीसची असेल. मी वळून तोंड बघायला गेले, तर तिने तेवढीच मान फिरवली."

लेकीला मी तिच्या मावशीचा फोटो कधीही दाखवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेच्या भिंतीपाशी होती. तिसऱ्या दिवशी डाकघरापाशी. घाई नाही, थांबणं नाही.

"आपण काही दिवस माझ्या घरी जाऊ," लेक म्हणाली.

"तू जा. मी माझ्या घरातून हलणार नाही."

आज दुपारी मी अंगणात खुर्ची टाकून बसले आहे. ऊन स्वच्छ आहे. ती रस्त्यावरून आली, तशीच, एकेक पाऊल मागे टाकत. आता फाटकात उभी आहे. वेणीचं टोक आतल्या बाजूला आलं आहे.

ती थांबली आहे. मी हाक मारीन याची ती वाट बघते आहे.

पाठमोरी ती अजून बावीस वर्षांचीच दिसते. पुढून कशी आहे, मला माहीत नाही.

पण वळ म्हणून मी सांगणार नाही.