आतल्या बाईंचा निरोप

हैबतराव रोह्यात कुंडलिकेच्या काठी दोन खोल्यांत एकटेच राहत. मुंबईच्या कॉलेजात तीस वर्षं लॅटिन शिकवून झालं होतं. पत्नी कुसुम जाऊन दोन वर्षं झाली होती. आता रविवारी पेणहून मेमू गाडीने येणारी प्रतिक्षा ही एकच विद्यार्थिनी उरली होती.

गेल्या रविवारी त्यांनी तिला दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात कसं घ्यायचं ते समजावलं. 'बाई म्हणते, ती घरी आहे.' यातली 'ती' कोण, हे मराठीत ऐकणाऱ्यानं ठरवायचं. लॅटिनमध्ये बोलणारी स्वतः असेल तर 'से', दुसरी कुणी असेल तर 'एआम'. अशा वाक्यात बोलणाऱ्याचा मूळ 'मी' मात्र पुसला जातो.

सोमवारी केर काढता काढता जानीनं सांगितलं, की बाई म्हणतायत, स्वेटर ट्रंकेच्या तळाशी आहे. जानी नागोठण्याकडून महिन्याभरापूर्वीच कामाला यायला लागली होती. कुसुमला तिनं पाहिलंही नव्हतं. शेजारच्या बाई म्हणाल्या असतील, असं हैबतरावांना वाटलं. तरी त्यांनी ट्रंक उघडली.

स्वेटर तळाशीच होता.

कोण बाई, असं विचारल्यावर तिनं स्वयंपाकघराकडे मान केली. दाराआड असतात, तोंड दिसत नाही, बोलणं तेवढं येतं, असं ती साधेपणानं म्हणाली. ते आत जाऊन आले. ओटा कोरडा होता. नळाखाली एक पेला पालथा.

मग रोज निरोप येऊ लागला. ती म्हणते, झोपेत कण्हू नका. ती म्हणते, ती इथंच आहे. ती कोण, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. त्यांना स्वतःला कधी काही ऐकू आलं नाही, पण सकाळी लवकर दाढी उरकून ते जानीची वाट बघत बसू लागले. चहा दोन कपांत ओतू लागले. प्रतिक्षाला तब्येतीचं कारण सांगून त्यांनी येऊ नको म्हणून कळवलं.

शनिवारी त्यांना राहवेना. "जानी, तुझ्या शब्दांत नको. ती बोलली तसंच्या तसं सांग."

"मला नाय समजत त्यांचं सगळं."

"तरी सांग."

जानीनं झाडू भिंतीला टेकवला. आठवून, अडखळत ती म्हणाली, "एगो आद्सुम. इल्ला आबेस्त."

मी इथे आहे. ती नाही.

कुसुमला लॅटिनचं अक्षरही येत नव्हतं.

हैबतरावांचा हात कपाच्या कानावरच राहिला.

जानीनं आतल्या दाराकडे जरा कान दिला.

"मास्तर," ती वळून म्हणाली, "बाई विचारतात, बरोबर बोलल्या का त्या."