माईक बंद होता

शिरोड्याच्या अलीकडे एका वाडीवर सरकारी आरोग्य उपकेंद्र आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे सुरूचं बन आणि बनापलीकडे समुद्र. तिथे सनोबर नावाची आरोग्य अधिकारी होती. मूळची बांद्याची, शांत स्वभावाची. मंगळवारी आणि शुक्रवारी ती टॅबलेट खिडकीत टेकवून ठेवायची, कारण रेंज तेवढ्याच एका कोपऱ्यात यायची. मग पलीकडून, थेट नागपूरहून, डॉ. गुरुदास वैरागडे पेशंट तपासायचे.

डॉक्टर माणूस भला, पण मालवणी त्यांना ओ की ठो कळत नसे. पेशंटने आपल्या बोलीत सांगायचं, सनोबरने ते सरळ मराठीत डॉक्टरांना सांगायचं आणि त्यांचा प्रश्न पुन्हा बोलीत फिरवायचा, अशी त्यांची पद्धत बसून गेली होती.

एका मंगळवारी दुपारी धोंडू परब आले. काजूची बाग राखणारे सत्तरीचे गृहस्थ. सोबत त्यांची बायको आनंदीबाई होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. खोलीत फिनेलचा आणि कुठूनतरी सुकत घातलेल्या बांगडा माशांचा वास भरला होता.

"गुडघे दुखतत," धोंडू म्हणाले. "बाकी काय नाय."

सनोबरने ते डॉक्टरांना सांगितलं. मग, रक्तदाब मोजताना सुरूच्या बनातल्या वाऱ्याचा घोंघाट पलीकडे जाऊ नये म्हणून तिने टॅबलेटचा माईक बंद केला. धोंडूंच्या दंडाला पट्टा गुंडाळून ती खाली मान घालून काटा बघत बसली. खोलीत कोणी बोलत नव्हतं.

वर पाहिलं तर डॉक्टर भराभर लिहीत होते.

"आणि घाम?" त्यांनी विचारलं. थोडं थांबले, मान हलवली, पुन्हा लिहिलं. "बरं... डावा हातही. कधीपासून?" पुन्हा थांबले. "फाल्या म्हणजे काय, सिस्टर? काल का?"

सनोबरने माईक चालू केला. "फाल्या म्हणजे उद्या, सर. पण... असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच. छातीत कळ येते, घाम फुटतो, हात भरून येतो, म्हणालात. आज अर्धं मालवणीतच सांगताय. कधीपासून विचारलं तर म्हणालात, फाल्या पहाटेपासून."

"माईक बंद होता, सर."

"आवाज तर तुमचाच होता," डॉक्टर म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.

सनोबरने आनंदीबाईंकडे वळून विचारलं, "मी काय बोललंय?"

"नाय गो बाय," म्हातारी म्हणाली. "तू तर तोंडच उघडूक नाय."

दुसऱ्या कुणाचा कॉल मध्ये घुसला असेल, असं सनोबरने स्वतःला समजावलं. पण दुसऱ्या कॉलवर तिचा आवाज कसा असेल? तिच्या मनात गुंता झाला. त्या गुंत्यातच तिने रुग्णवाहिका बोलावली. धोंडू कुरकुरत होते, गुडघ्यासाठी एवढा खटाटोप कशाला म्हणून. तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला, तो अगदी स्वच्छ निघाला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, यांना कशाला आणलं? खरं सांगायची सोय नव्हती. "एक रात्र ठेवून घ्या," एवढंच ती म्हणत राहिली. अखेर कंटाळून त्यांनी खाट दिली.

बुधवारी पहाटे पाच वाजता धोंडूंच्या छातीत कळ आली. दवाखान्यातच असल्यामुळे वाचले. आनंदीबाईंनी सनोबरचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले, तेव्हा सनोबरला स्वतःच्या हातांची शरम वाटली. जे आपण केलंच नाही, त्याबद्दल ही बाई आपल्याला नमस्कार करते आहे, असं तिला वाटत राहिलं.

त्या शुक्रवारी काही घडलं नाही. पुढचे दोन आठवडेही सरळ गेले. माईक मात्र ती आता बंद करीत नसे.

मग एका रविवारी ती बांद्याला मावशीकडे, जोहराखालाकडे जेवायला गेली. उपकेंद्राला कुलूप होतं, टॅबलेट आतल्या कपाटात होता आणि दोन्ही किल्ल्या तिच्या पर्समध्ये. जेवणं उरकतात तोच डॉक्टरांचा फोन आला.

"सिस्टर, मघाशी तुमचा व्हिडिओ कॉल मध्येच तुटला, म्हणून साधा फोन लावला. पेशंटला ताबडतोब हलवा."

"कुठला पेशंट, सर? मी बांद्याला आहे."

डॉक्टर हसले. दमलेल्या माणसासारखं हसणं होतं ते. "अहो, आत्ता पाच मिनिटांपूर्वी दिसत होतात. खिडकी, तुमचं ते कपाट, सगळं. डोकं डाव्या बाजूने ठणकतंय, जीभ जड पडते, असं सांगत होतात. कधीपासून विचारलं, तर म्हणालात, आताच सुरू झाला. एवढी मालवणी कळली मला. फक्त पेशंटची खुर्ची रिकामी दिसत होती. मी म्हटलं, पेशंट कुठाय? तर म्हणालात, माझ्या समोर आसा."

खिडकीतल्या टॅबलेटसमोर बसलं की आपल्या समोर कोण असतं, ते सनोबरला ठाऊक होतं.

"सर," तिने हळूच विचारलं, "तुमच्याजवळ आत्ता कोण आहे?"

"बेचाळीस," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"वय विचारलंत ना."

तिने वय विचारलं नव्हतं. खालाचा फोन ओढून घेऊन तिने दुसऱ्या कानाशी धरला आणि एकशेआठला लावला. नागपूरला रुग्णवाहिका हवी आहे, असं ती सांगू लागली. पलीकडच्या बाईंनी विचारलं, नागपूरला कुठे?

"सर, पत्ता सांगा... तुम्ही आहात तिथला पत्ता."

डॉक्टर ऐकत नव्हते. ते उत्तरं देत होते, मध्ये थांबत होते, पुन्हा उत्तर देत होते. पेशंट देतात तसं.

"हो... डावीकडेच... नाही, घरी एकटाच असतो... हो, हातातून पेन पडलं आत्ता..."

"सर. माझ्याशी बोला. मी सनोबर."

"दोन दोन आवाज येताहेत," डॉक्टर म्हणाले. शब्द जाडसर होऊ लागले होते. "पत्ता मघाशीच सांगितला ना तुम्हाला... मघाशीच विचारलात..."

मग ते नुसतं हं... हं... करत राहिले, कुणीतरी सावकाश काही समजावून सांगत असावं तसं.

"सिस्टर," ते शेवटी म्हणाले, "जरा मराठीत सांगा ना... हे मला कळत नाही हो."

सनोबरने दोन्ही फोन कानांना तसेच धरले होते. तिचे ओठ मिटलेले होते.