शेरीफची शेवटची दाढी

बसा जवळ. दिवा बंदच राहू दे, डास येतात. ओडेल न्हाव्याचं सांगतोय, चर्चमध्ये माझ्या शेजारी बसतो तो. खोटं बोलायचा नाही. तेवढी कल्पनाशक्तीच नाही त्याला.

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार, रात्री साडेनऊ. शेरीफ क्रेन, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा जुना पोलीसप्रमुख, त्याच्या बायकोचा फोन आला. "ओडेल, साहेब गेले रे. सकाळी लोक दर्शनाला येतील. दाढी करून जा, त्यांना तुझाच हात लागायचा."

साहेब म्हणे! कैद्यांना स्वतःच्या कापसाच्या शेतात फुकट राबवलं, चोरट्या दारूचे हप्ते खाल्ले, आणि गोऱ्यांनी पुलाला त्याचंच नाव दिलं. एकसष्ट वर्षांपूर्वी, गोरे इथे आम्हा काळ्यांना मत देऊ देत नसत तेव्हा, ओडेलचा थोरला भाऊ रूबेन मतदार यादीत नाव घालायला गेला. त्याच रात्री त्याला झाडाला टांगला. सरकारी कागदावर काय लिहिलं? 'अज्ञात इसमांच्या हातून मृत्यू.' तीन गाड्या भरून अज्ञात! आणि क्रेनने त्या फासाच्या दोराचा तुकडा दिवाणखान्यात कुलूपबंद काचेच्या पेटीत मांडला. कुणी विचारलं तर म्हणायचा, मासेमारीचा आहे. दर शनिवारी ओडेलच्या वस्तऱ्याखाली गळा ताणून हसायचा, "बघ, आहे का हिंमत?"

ओडेलला त्याचा गळा नको होता. एकदा त्याच्या तोंडून कबुली हवी होती, बस्स. आता तीही गेली.

प्रेत दिवाणखान्यातच ठेवलं होतं. बाई वर गेली. ओडेलने फेस लावला.

"आता तरी बोला, शेरीफ. कोण होतं त्या रात्री?"

त्याने वस्तरा उघडला.

वस्तरा गालावरून फिरला. हनुवटी झाली. मग गळा. फेस निघाला. खाली लाल रेघ.

पुसली. गडद झाली.

पुन्हा पुसली... दोराचा पीळ उमटला. डाव्या कानाखाली गाठ. रूबेनलाही तिथेच होती.

ओडेलने वळून पाहिलं. काचेची पेटी... कुलूप जागेवर. आत काही नाही.

ओडेलच्या हाकेने बाई धावत आली, गळा पाहून किंचाळली. मुलगा आला, म्हणाला, "उंच कॉलर घाला." सरकारी डॉक्टरने गळा पाहिला, घाम पुसला आणि कागदावर लिहिलं, 'खूण आहे. कारण अज्ञात.'

ओडेलला त्याचं उत्तर मिळालं होतं. त्याने वस्तरा धुतला आणि घरी गेला.

सकाळी शवपेटी कुणासाठी उघडलीच नाही. काचेची पेटी अजून तिथेच आहे. कुलूप तसंच. दोर मात्र आजवर कुणाला सापडलेला नाही.