ओयदिनचा उष्टा नान

पटो न पटो, हे घडलेलं आहे. मागच्या हिवाळ्यात, कोकंद शहराच्या रेडिओ केंद्रात. तेही भर दुपारी.

तुर्सून तिथे कॉम्प्युटरचं काम बघतो. जुन्या ध्वनिफिती कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवल्या आहेत. रोज दुपारी एक प्रोग्रॅम त्या ओळीने घेतो, खरखर काढतो आणि प्रत्येकीची स्वच्छ फाइल बनवतो. मध्येच बिघाड झाला, तर अर्धवट बनलेली फाइल आधी पुसायची, मगच थांबायचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम ती झालेली समजतो आणि पुढे जातो.

हा नियम तुर्सूननेच घातलेला.

त्या गुरुवारी तुर्सून सोडून सगळे पुलाव खायला गेले होते. प्रोग्रॅम अडकला.

पडद्यावर नाव होतं... ओयदिन.

त्याची बायको. रेडिओवर मुलांना गोष्टी सांगायची. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

तिची फीत अर्ध्यापासून पुढे खराब होती. प्रोग्रॅमने नियमाप्रमाणे अर्धी फाइल पुसून टाकली.

तुर्सूनने पुसण्याचा भाग बंद केला. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पुन्हा तिथेच बिघाड. पण आता अर्धी फाइल राहिली. त्याने ती लावली.

"मुलगी दारापाशी आली, आणि..."

बस. एवढंच.

"तुर्सूनअका, पुलावाशी भांडण झालंय का?" शेजारच्या टेबलावरची शोइरा आत आली आणि पडद्याकडे बघून थबकली. "अर्धवट ठेवलीत? आम्ही ठेवली असती तर कान उपटले असते तुम्ही!"

"राहू दे."

"सोमवारी मुलांच्या कार्यक्रमात हीच आहे. अर्धी गोष्ट लावू?"

"राहू दे म्हटलं ना."

ती आपल्या टेबलाशी गेली.

घरी भिंतीवर, खिळ्याला दोरीने एक नान टांगलेला होता. तिकडची रीतच ती: लांब जाणाऱ्याने एक चावा घ्यायचा, उरलेला परत येऊन संपवायचा. दवाखान्यात निघताना, निरोप द्यायला आलेल्या तुर्सूनच्या आईने तो ओयदिनपुढे धरला होता.

"परत येऊन संपव हं, सूनबाई."

"तोवर दगड होईल त्याचा. दात कुणाचे लावू, तुमचे?"

बोळकं तोंड उघडून म्हातारी हसली होती.

नान अजून तिथेच होता. तो उतरवायचं तुर्सूनला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमने ओयदिनची फीत झालेली समजून सोडून दिली. फाइलला हातही लावला नाही.

तरी फाइल वाढली होती.

"...आणि तिने कडी वाजवली."

शोइराने मूळ फीत लावून पाहिली. "अका, इथून पुढे नुसती खरखर आहे. हे शब्द आले कुठून?"

तुर्सूनने आवाज वाढवला. शब्दांच्या मागे काहीतरी ऐकू येत होतं.

कुरकुर... कुरकुर...

कुणीतरी वाळलेलं काही चावत होतं.

घरी आल्यावर त्याने दिवा लावला. नानाला दुसरा चावा होता.

"उंदीर असेल हो," दुसऱ्या दिवशी ते ऐकून शोइरा म्हणाली.

पण चाव्याच्या मधोमध बारीकशी खूण होती. तेवढाच नान न तुटता राहिलेला. ओयदिनचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता.

"पुसून टाका, अका. हात जोडते."

"पुसली तर ती तिथेच दारात राहील." तो हे हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला.

फाइल रोज वाढत गेली. नान कमी होत गेला. तुर्सून सकाळी चहा पीत त्याच्याकडे बघायचा. भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

सोमवारी पडद्यावर ओयदिनच्या नावापुढे शब्द आला... पूर्ण.

शोइराने कार्यक्रमात दुसरीच गोष्ट लावली.

तुर्सून घरी गेला. खिळ्याला नुसती दोरी होती. खाली एक कणही नव्हता.

नान संपवायला माणूस परत यावा लागतो.

त्याने सगळ्या खोल्या पाहिल्या. कुणी नव्हतं.

गोष्टीचा शेवट त्याने अजून ऐकलेला नाही. झोपताना दाराच्या कडीकडे हात जातो, आणि तिथेच थांबतो.

ती आत आली आहे, की अजून बाहेर उभी आहे...

त्याला कळत नाही.