रात्रपाळीचा अर्ज

काम तसं अगदी किरकोळ होतं. जायचं, कॉम्प्युटरसमोर बसायचं, बटण दाबायचं आणि परत यायचं. माझा साडू, म्हणजे तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा, जेवून उठता उठता बायकोला म्हणाला, "कडी लावू नकोस, आलोच." हे मला तिने सांगितलं. पुढचं बरंचसं त्याने सांगितलं आणि थोडं वॉचमनने. मी माझ्या पदरचं काही घालत नाहीये. नको असेल ऐकायला तर आत्ताच आत जाऊन झोपा, मधेच उठू नका.

गेल्या डिसेंबरातली अकरा तारीख. गुरुवार. रात्रीचे साडेदहा.

साडू तेव्हा औषधांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्युटर सांभाळायचा. लसी, इंजेक्शनं, असला सगळा नाजूक माल तिथे ठेवतात. गावाबाहेरच्या रस्त्याला लांबलचक पत्र्याची इमारत. आत तीन खोल्या, एकेक खोली आपल्या या अख्ख्या घराएवढी. आत उणे वीस. दारं वीतभर जाड, पोलादी, आणि ती हाताने उघडत नाहीत. मोटर आहे. मोटर कॉम्प्युटरचं ऐकते. आणि कॉम्प्युटर रात्री कोणाचं ऐकतो? ज्याच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार आहेत, त्याचं. बाकीच्यांनी कितीही आपटलं तरी तो एकच वाक्य दाखवतो, 'तुम्हाला अधिकार नाहीत.' हसू नकोस, तुझ्या ऑफिसात तू हेच करतेस लोकांना.

दुसऱ्या दिवशी पहाटे नवा सुपरवायझर कामावर यायचा होता. त्याचं खातं उघडलेलं होतं, अधिकार तेवढे द्यायचे राहिले होते. मॅनेजरचा संध्याकाळी फोन, "आज करून टाक, सकाळी माणूस दारात ताटकळायला नको."

घरून का नाही केलं? मीही हेच विचारलं. तिथे एकदा चोरी झाली होती, तेव्हापासून मॅनेजरने नियमच केला होता. अधिकार द्यायचे तर कंट्रोल रूमच्या त्या एकाच खुर्चीत बसून द्यायचे.

फाटक उघडलं वॉचमनने. त्याला सगळे मामा म्हणायचे. साठीचा गडी, कान झाकणारी टोपी, अंगात दोन स्वेटर आणि वर कंपनीचा जाड कोट. बोलण्यात भारी. साडूला बघून म्हणाला, "साहेब, आत्ता? बायकोने हाकललं का?"

"नव्या साहेबाला चाव्या द्यायला आलोय, मामा."

"कुठायत चाव्या?"

"कॉम्प्युटरमधे."

"हां, म्हणजे आमच्या कामाच्या नाहीत," मामा म्हणाला आणि चहा ओतायला वळला.

साडू खुर्चीत बसला. स्क्रीनवर अर्ज दिसले. एक नव्या सुपरवायझरचा. त्याच्याखाली अजून एक. खात्याचं नाव, 'रात्रपाळी'.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? डोळ्यांवर झोप, हातात चहाचा कप. त्याला वाटलं, नव्या माणसाबरोबर रात्रीसाठी पण कोणी घेतला असेल, मॅनेजर सांगायला विसरला. त्याने वरच्याला 'होय' केलं. खालच्यालाही 'होय' केलं.

कप ठेवला. मफलर गुंडाळायला लागला.

बाहेर मोटरचा आवाज आला. घर्र्र.

कंट्रोल रूमला मोठी काच आहे, समोर तिन्ही दारं दिसतात. पहिल्या खोलीचं दार हळूहळू उघडत होतं. आतून पांढरं धुकं जमिनीवरून सरपटत बाहेर आलं.

साडूने स्क्रीनवरून दार बंद केलं. बंद झालं.

परत उघडलं.

परत बंद केलं. मग दुसऱ्या खोलीचं उघडलं. मग तिसऱ्याचं, आणि पहिलं पुन्हा. कोणी उघडलं ते स्क्रीनवर येतंच. तिन्ही दारांपुढे एकच नाव होतं, रात्रपाळी.

"मामा!" त्याने ओरडून विचारलं. "आज रात्रपाळीला कोण आहे?"

"मीच की!"

"तुम्ही नाही हो. सुपरवायझर. कॉम्प्युटरवर 'रात्रपाळी' म्हणून कोण बसतं?"

मामा दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघून, साडू म्हणतो, मला आधीच कळलं की विचारायला नको होतं.

"ते खातं बंद केलंय, साहेब."

"चालू आहे. आत्ताच मी अधिकार दिले त्याला."

मामाने टोपी काढली, परत घातली.

"तुम्ही यायच्या आधीची गोष्ट आहे," तो म्हणाला. "रात्रीचा सुपरवायझर होता एक. शांत, लहानखुरा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. माझी सुट्टी होती त्या रात्री. तो एकटाच होता. दिवसपाळीवाल्यांनी उघडून दिलेल्या तिसऱ्या खोलीत माल तपासायला गेला, ते घरी गेले आणि मागून दार लागलं. आत मोबाइलला रेंज नाही; भिंतीला फोन आहे, पण तो वाजतो इथे, या टेबलावर. इथे उचलणार कोण? हातात ती माल मोजायची पाटी होती, टॅब की काय ते. तिच्यावरून दार उघडायला गेला, तर अधिकार नाहीत. महिनाभर मागत होता बिचारा मॅनेजरकडे. मग आतून त्याने अर्ज टाकला. अधिकार द्या म्हणून. परत टाकला. परत टाकला... सकाळपर्यंत कोणी बघितलाच नाही."

काचेपलीकडे धुकं गुडघ्याएवढं झालं होतं.

शेवटी मामाच म्हणाला, "माल खराब झाला तर माझ्या गळ्याशी येईल. दारात खोकं-बिकं अडकलं असेल, बघून येतो." माणूस घाबरला की असंच काहीतरी साधं कारण शोधतो. तो गेला.

साडूने माउस धरला. त्याच्या डोक्यात एकच, दिलेले अधिकार काढून घ्यायचे. यादी उघडली. 'रात्रपाळी' निवडलं. 'अधिकार काढा.' कॉम्प्युटरने विचारलं, नक्की?

काचेतून त्याने बघितलं. धुक्यात काही दिसेना. त्याला वाटलं, मामा पहिल्या दाराशी असेल. बाहेरच असेल.

त्याने 'होय' दाबलं.

तिन्ही दारं एकदम लागली. धाडकन. मोटर इतक्या जोरात दार लावूच शकत नाही, हे तो आजही सांगतो.

धुकं हळूहळू खाली बसलं. बाहेर कोणीच नव्हतं.

टेबलावरचा फोन वाजला.

"साहेब, दार लागलं हो." मामा. तिसऱ्या खोलीतून.

"उघडतो, मामा. आत्ता उघडतो."

बटण दाबलं. 'तुम्हाला अधिकार नाहीत.'

परत दाबलं. तेच.

यादी बघितली त्याने. स्वतःचं नाव बघितलं. साधं खातं. मॅनेजरचं बघितलं. साधं. नव्या सुपरवायझरचं, ज्याला आत्ता दिले होते, तेही साधं. त्याने एकाचे काढले होते. सगळ्यांचे गेले होते. अख्ख्या इमारतीत दार उघडू शकेल असं एक नाव उरलं नव्हतं.

मॅनेजरला फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत. फायर ब्रिगेडला फोन केला, ते म्हणाले निघतोय, पण दार कापायला लागेल तर मोठं कटर दुसरीकडून आणावं लागेल. मेन स्विच पाडला. दिवे गेले, कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला, आणि दार? वीज गेली तर माल वाचावा म्हणून ते बंदच राहायचं, तसंच बनवलं होतं. स्विच परत चढवला. लोखंडी स्टूल घेऊन गेला आणि दारावर घातलं. स्टुलाचा पाय वाकला. दाराला ओरखडा नाही.

आतून मामा दार वाजवत होता. धप. धप. धप.

मग साडूच्या लक्षात आलं. गारठलेला माणूस असा वाजवत नाही. एकसारखा, न थकता येतोय आवाज.

पळत परत आला. फोनचा रिसीव्हर टेबलावरच पडला होता.

"मामा? मामा, दार वाजवू नका, दम जाईल. उड्या मारा जागच्या जागी. येतायत लोक."

"मी कुठे वाजवतोय, साहेब... मी तर फोनपाशी उभाय."

साडू खाली बसला.

"बोलत राहा," तो म्हणाला. "मुलीचं सांगा. नातवाचं सांगा."

मामा बोलला. नातवाचं बोलला. मग शब्द लांबायला लागले. मग मधेच थांबायला लागले.

"झोप येतेय, साहेब..."

"झोपू नका! मामा! ऐकताय ना?"

"हं..."

"मामा!"

"साहेब... माझ्या मागे कोण उभंय?"

...

"मामा?"

नुसता श्वास. एक जोरात, तुटका. आणि एक... हळू.

मग आवाज आला. मामाचा नाही. शांत, थकलेला, अगदी अदबीचा. आपण सरकारी कचेरीत खिडकीशी उभे राहून बोलतो ना, तसा.

"साहेब, अर्ज टाकलाय. बघता का जरा?"

साडूने स्क्रीनकडे बघितलं.

'रात्रपाळीला अधिकार द्यायचे?'

होय. नाही.

त्याने 'होय' दाबलं. देवाशपथ, त्याक्षणी त्याने काहीही दिलं असतं.

'तुम्हाला अधिकार नाहीत.'

दाबलं. नाहीत. दाबलं. नाहीत. तो रडत होता आणि दाबत होता. फोनवर तो आवाज काही रागावला नाही. थोड्या थोड्या वेळाने तेवढंच विचारायचा. बघता का जरा... बघता का...

हा म्हणायचा, "बघतोय. दाबतोय. होत नाहीये."

"हो," पलीकडचा आवाज म्हणाला. "तसंच होतं."

मग फोन बंद झाला.

फायर ब्रिगेडच्या लोकांनी दार कापलं तेव्हा उजाडायला लागलं होतं. साडू व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. आत जायची त्याची छाती झाली नाही. तो लोकांच्या पाठीकडे बघत राहिला. कोणीतरी स्ट्रेचर मागवलं. मग कोणीतरी ओरडलं, "जिवंत आहे!"

डॉक्टर म्हणाले, अशक्य. त्या थंडीत त्या वयाचा माणूस फार फार तर तासभर टिकतो. मामाच्या दोन बोटांची टोकं गेली, एवढंच. बाकी धडधाकट. त्याला काही आठवत नव्हतं. कोणीतरी बोलत होतं, एवढंच म्हणायचा.

मॅनेजर आला. पोलिस आले. कॉम्प्युटर बघितला. सगळ्यांचे अधिकार जिथल्या तिथे. साडूने बटण दाबलं, दार उघडलं, सुरळीत. 'रात्रपाळी' नावाचं खातं यादीत नव्हतंच. त्या रात्री एकच अर्ज आला होता, नव्या सुपरवायझरचा. मॅनेजर साडूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "थोडे दिवस विश्रांती घे." म्हणजे काय ते तुम्ही समजा. ती नोकरी सुटली ती सुटलीच. आता मेहुण्याच्या दुकानात बसतो. मोबाइलवर काही विचारलं, होय का नाही, की तो मोबाइल बायकोकडे देतो.

नाही, तो वेडा नाहीये. मीही आधी तसंच समजलो होतो.

मामा आता मुलीकडे राहतो, आपल्या मागच्या गल्लीत. या उन्हाळ्यात मी सकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. तो अंगणात नळाखाली अंघोळ करत होता, माझ्याकडे पाठ करून. मला पाठीवर, बरोबर दोन खांद्यांच्या मधे, एक डाग दिसला. तांबूस. जवळ गेलो तर डाग नव्हता. तळहात होता. पाचही बोटं, स्पष्ट. माझ्यापेक्षा लहान हात.

"हे काय मामा?" मी विचारलं.

"आहे खरं," तो म्हणाला. "त्या रात्रीपासून आहे. डॉक्टर म्हणतात भाजल्याचं आहे. आता त्या खोलीत कोण भाजणार मला?" मग जरा थांबून म्हणाला, "हात लावून बघा."

नळाचं पाणी अजून त्याच्या अंगावरून वाहत होतं. सगळी पाठ गार होती.

तेवढीच जागा... ऊन होती. कोणीतरी आत्ताच हात काढून घेतल्यासारखी.