चहाच्या रंगाच्या अळ्या

"गळाला लावायला अळीच नाही, तर तळ्यावर जाऊन काय बेडकांशी गप्पा मारायच्या?" डार्लाचा धाकटा भाऊ वेन्डेल ओरडला.

सुट्टीचा पहिलाच दिवस, आणि डार्लाच्या हातातली काचेची बरणी रिकामी! आजोबांनी मरणापूर्वी साच्यात ओतलेल्या शेवटच्या मऊ प्लास्टिकच्या अळ्या तिच्यात होत्या. टेनेसीतल्या त्या तळ्यावर आजोबांच्या अळीला नाही म्हणणारा मासा जन्मला नव्हता, असं सगळे म्हणत. डार्लाला मात्र वेगळीच काळजी होती. अळी कोमट असतानाच आजोबा तिचं डोकं अंगठ्यानं दाबत. तिथं त्यांचा ठसा उमटे. रोज शाळेतून आली की एक अळी उजेडात धरून ती तो बघत बसे.

"उंदरांनी नेल्या असतील," रॉयसमामा घाईघाईनं म्हणाला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं!

"झाकण परत घट्ट लावणारे उंदीर?" शेजारची ओपल म्हणाली. "मामा, फारच शिस्तीचे हो तुमच्याकडचे!"

तिघं मागच्या शेडमध्ये शिरली आणि खोकतच बाहेर आली. करपलेल्या प्लास्टिकचा वास नुसता कोंडला होता. प्लास्टिक वितळवायच्या जुन्या मायक्रोवेव्हची काच धुरकटली होती.

"आजोबा दोन्ही दारं सताड उघडी टाकून ओतायचे," डार्ला म्हणाली. "हे कुणीतरी लपून केलंय!"

खाली धक्क्यावर मामाचा अळ्यांचा बाजार रंगात आला होता. "या, या! आमच्या बाबांचा खास रंग!" आजोबा होते तोवर या माणसाला अळी ओतायचा कंटाळा यायचा.

"आजोबांच्या तर मधासारख्या होत्या," ओपल कुजबुजली. "या कोऱ्या चहासारख्या कशा?"

डार्लाचा चेहरा उतरला. "आजोबा रंग घालायचेच नाहीत. फाटक्या अळ्या पुन्हा वितळवायचे. दरवेळी तापवलं की प्लास्टिक थोडं गडद होतं. मधाचा रंग आणखी एकदा तापवला, की..."

"चहा!" वेन्डेल म्हणाला. मग भोळा चेहरा करून तो पुढे झाला. "मामा, कुठला रंग घातलास रे?"

"ती... ती शेडमधली तपकिरी बाटली."

"हीच ना?" ओपलनं शेडमधून उचलून आणलेली बाटली पाठीमागून काढली. "हिचं तर बूचसुद्धा अजून उघडलेलं नाही!"

गिऱ्हाइकं खो खो हसली. मामाचे कान लाल झाले. "अगं, प्लास्टिकच ते! आपण कधी टाकतो का? वितळवतोच! बाबांनीच शिकवलंय मला!"

"फाटलेलं, मामा. फाटलेलं वितळवायचं." डार्लानं एक अळी त्याच्यासमोर धरली. "हिच्या डोक्यावर काय दिसतं?"

"काही नाही."

"तिथं आजोबांचा अंगठा होता."

मामानं सगळ्यांचे डॉलर परत केले.

संध्याकाळी आईनं तिघांची पाठ थोपटली. "काय नजर आहे गं तुमची! आजोबा असते तर धक्काभर मिरवले असते!" तिनं पीचचा केक कापला. डार्लानं त्याला हातही लावला नाही.

तेव्हा वेन्डेल हळूच म्हणाला, "ताई, माझी अळी आहे ना झाडावर."

गेल्या वर्षी त्यानं आजोबांची अळी लावून गळ फेकला तो थेट पाण्यातल्या सायप्रसच्या झाडात. त्यावरून सगळ्यांनी त्याला हिवाळाभर पिडलं होतं. आजोबा तेवढे म्हणाले होते, "राहू दे रे. झाडालाही कधीतरी मासा लागू दे!"

मामानं नाव काढली आणि मुलांना त्या झाडापाशी नेलं.

अळी फांदीला लटकत होती. उन्हानं विटलेली, आखडलेली. पण डोक्यावर बारीक बारीक रेषा अजून होत्या. मामानं आपला अंगठा तिच्याजवळ नेला आणि न टेकवताच मागे घेतला.

"काढू?" त्यानं विचारलं.

डार्लानं मान हलवली. "नको. ते राहू दे म्हणाले होते."

ती बघत राहिली. अंधारून येईपर्यंत मामानं वल्ह्यांनी नाव तिथंच धरून ठेवली, जराही हलू न देता.